पॉइंट परत आले की दादा येईल

एस्प्लनेड, कोलकाता
१२ ऑगस्ट २०२४

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

फोन सोडून याने कागद का हाती घेतला, असं तुम्हाला वाटेल. डमडमचं आमचं घर दोन खोल्यांचं, आणि एक्याऐंशीव्या वर्षीही आईचे कान शाबूत आहेत. संध्याकाळी घरी पोचलो की माझा मोबाइल तिच्या उशाशी जातो. म्हणून ऑफिसात बसून लिहितोय. उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठवा.

त्या शनिवारी क्षितिजचा फोन आला तेव्हा मी भाजीला निघालो होतो. "काका, बाबा गेले," एवढंच बोलला पोरगा. मी पिशवी घेऊन तसाच बाजारात गेलो, पटोल घेतले, कोथिंबीर घेतली, सुटे पैसे मोजून घेतले आणि घरी आलो. आईनं विचारलं, "कोणाचा होता रे फोन?" म्हटलं, बँकेचा. त्या क्षणी जे तोंडून गेलं त्यावर आता सगळं उभं आहे.

पुण्याला आलो नाही याचा राग मनात धरू नका. आलो असतो तर तिला काय सांगून आलो असतो? जुलैत तिच्या हृदयात स्टेंट घातली, डॉक्टर म्हणाले की महिना-दोन महिने कसलाही धक्का नको. सख्खा भाऊ गेला आणि मला केस उतरवता आले नाहीत, कारण तिनं डोकं पाहिलं असतं.

तुम्हा दोघांची इकडे यायची विमानाची तिकिटं मी त्याच दुपारी रद्द केली. दोन्ही मीच दादाच्या विमान कंपनीच्या खात्यातल्या पॉइंटांवर काढलेली होती, तुम्हाला ठाऊकच आहे. १ सप्टेंबरला आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलेलं, दिवेसुद्धा आणून ठेवलेत, आणि तिचा हट्ट, "थोरल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही." तिला सांगितलंय की विमान कंपनीनं घोळ घातला, तिकिटं रद्द झाली, पॉइंट अडकले. पॉइंट परत आले की दादा येईल. ती म्हणाली, "मग पैसे देऊन ये म्हणावं. मी देते पेन्शनमधून." तेव्हा दादाच्या घशाचं एक लहानसं ऑपरेशन करून टाकलं. बोलायला बंदी, प्रवासही जरा लांबणीवर. दर रविवारी त्याचा निरोप मी तिला मोबाइलवरून वाचून दाखवीन.

एक मागणं आहे. ती तुम्हाला व्हिडिओ कॉल करील. त्या वेळेपुरती टिकली लावाल का? आणि गळ्यात असू द्याल का? दुसरा मार्ग सुचला असता तर लिहिलं नसतं.

आपला,
सलील

०

पुणे
२२ ऑगस्ट २०२४

चि. सलीलभावजी, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाकिटावर तुम्ही 'सौ. कालिंदी' असं लिहिलं होतं. पोस्टमन गेल्यावर मी बराच वेळ त्या एका अक्षराकडे पाहत राहिले.

आईंचा कॉल आला. टिकली लावली होती. "दत्ताला हळद-दूध देतेस ना?" विचारत होत्या. देते म्हटलं. "झोपलाय का?" हो म्हटलं. मग एकदम म्हणाल्या, "तू का अशी वाळलीस गं? त्याचं करता करता स्वतःकडे बघत नाहीस." कॉल संपल्यावर टिकली काढायची राहिली आणि तशीच दार उघडायला गेले. तेराव्याला येऊन गेलेली शेजारीण होती, मृणाल. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाली, "डबा न्यायला आले होते." डबा न घेताच गेली.

ह्यांचा मोबाइल मी बंद केलेला नाही. करवत नाही. त्यावर विमान कंपनीचं काहीतरी आलं होतं. 'दत्तात्रयजी, आपले पॉइंट जमा झाले, पुन्हा भेटू या.' माझ्या तिकिटाचे बहुतेक. मला त्यातलं कळत नाही. हे म्हणायचे, "सलील जमवतोय त्या पॉइंटांचं पोट भरलं की आपण उडायचं."

तुम्ही आईंचं पाहता आहात, ते योग्यच असेल. पण भावजी, किती दिवस?

कालिंदी

०

एस्प्लनेड
९ सप्टेंबर २०२४

ती. वहिनी,

'सौ.' चुकून लिहिलेलं नव्हतं. पाकीट टपालात टाकायच्या आधी एक रात्र माझ्या बॅगेत होतं, आणि बॅगेतून डबा आईच काढते.

आता पॉइंटांचं नीट सांगतो, कारण ते अर्धवट कळणं न कळण्यापेक्षा वाईट. पॉइंटांवर काढलेलं तिकीट रद्द केलं की करापोटी भरलेले पैसे कार्डावर परत येतात आणि पॉइंट ज्याच्या खात्यातून गेले त्याच्याच खात्यात जातात, तिकीट कोणाचंही असो. तुमच्या तिकिटाचे लगेच आले. दादाच्या तिकिटाचे आले नाहीत, कारण ते जुने होते, त्यांची मुदत जुलैअखेर संपत होती. मुदतीच्या आत तिकीट काढलं, मुदतीनंतर रद्द केलं. कंपनी म्हणते, वाया गेले. मी म्हणतो, मुळीच नाही. आजारपणामुळे प्रवास रद्द झाला तर फेरविचाराची तरतूद आहे, आणि ती त्यांच्याच नियमपुस्तकात आहे. मी ते पुस्तक छापून, भोकं पाडून, फाइलला लावलंय. बारावी नापास माणूस आहे मी, पण आमच्या ऑफिसातले एमबीए तिकीट रद्द करायच्या आधी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात.

दादाच्या नावानं त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केलाय. खातं त्याचं, तेव्हा लिहिणाराही तोच हवा. तुम्हाला कसलाही फोन येऊन त्रास होणार नाही, याचीही तजवीज केली आहे.

सहस्रचंद्रदर्शन अर्थातच पुढे गेलं. त्या दिवशी आई गॅलरीत बसून होती. आमच्या डोक्यावरून विमानं इतकी खाली जातात की चाकं दिसतात. एकेक गेलं की म्हणायची, "हे पुण्याचं का रे?"

सलील

०

पुणे
३० सप्टेंबर २०२४

चि. सलीलभावजी,

तुम्ही ह्यांच्या नावानं लिहिता ते सगळं ह्यांच्या मोबाइलवरच्या मेलमध्येही येतं, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. किंवा आलं असेल. मी सगळं वाचते. रात्री तो वाजतो आणि मी उठून बघते.

तुम्ही लिहिलंय, 'माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाल्याने मी प्रवास करू शकलो नाही. मी अद्याप विश्रांती घेत आहे.' अहो, ह्यांचा घसा ठणठणीत होता. जेवताना क्षितिजला हसून काहीतरी सांगत होते, वाक्य अर्धं राहिलं आणि मान खाली गेली. ते वाक्य काय होतं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. तुमच्या पत्रात मात्र सगळी वाक्यं पुरी असतात, आणि खाली ह्यांची सही.

मला कायदा कळत नाही. साधं विचारते. त्या पुस्तकात माणूस गेला तर काय करायचं, असा काही नियम नाही का? लोक तर रोज जातात.

आणि आईंचे डॉक्टर आता काय म्हणतात? महिना-दोन महिने म्हणाले होते.

कालिंदी

०

एस्प्लनेड
२१ ऑक्टोबर २०२४

ती. वहिनी,

दुर्गापूजा आटोपली. गल्लीतल्या मांडवाचे बांबू अजून तसेच उभे आहेत, त्यातून वाकून ऑफिसला यावं लागतं.

डॉक्टर म्हणतात, तब्येत छान आहे. रिपोर्ट मी स्वतः वाचले, एकेक आकडा मागच्याशी ताडून पाहिला. पण डॉक्टरांना हृदय कळतं, आई कुठे कळते?

तुम्ही विचारलेला नियम आहे. पण तो वेगळ्या कामाचा. तो लावला की खातंच बंद होतं. मग त्यावर काही येणार नाही आणि कोणी लिहिणार नाही. आपण आजारपणाच्या मुद्द्यावरच जायचं. त्यांचं परवाचं उत्तर पाहिलंत ना? 'प्रिय दत्तात्रयजी, आपल्या प्रकृतीस लवकर आराम पडो.' इतकं सभ्य उत्तर त्यांनी यापूर्वी कोणाला दिलेलं मी पाहिलं नाही. आईला ते भाषांतर करून वाचून दाखवलं. म्हणाली, "परकी माणसं बघ कशी विचारपूस करतात."

१५ तारखेला दादाचा वाढदिवस झाला. मी तिला विसरायला लावायचा प्रयत्न केला, पण सकाळीच डाळ शिजत होती. पुरणपोळ्या तिनं स्वतः लाटल्या. दादाच्या फोटोला नाही, मोबाइलला ओवाळलं, कारण फोटोला ओवाळणं अशुभ म्हणते. मग मला वाढलं. "त्याच्या वाटची तू खा." मी खाल्ली. आणखी वाढली, तीही खाल्ली.

ऑफिसात येऊन ओकलो. हे कोणाला तरी सांगायचं होतं.

सलील

०

पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सलीलभावजी,

पाडव्याला आईंचा कॉल आला. "ओवाळलंस का दत्ताला? काय घातलं तबकात?" मी टिकली लावून, ओवाळलं म्हणून सांगितलं. "जरा दाखव की गं त्याला, लांबून तरी." आत झोपलेत म्हटलं. "सणासुदीचा झोपतो कसला हा," म्हणाल्या. आत खोलीत क्षितिज होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

भावजी, तुम्हाला फक्त आईंची काळजी आहे. मला दर आठवड्याला पुन्हा नव्यानं विधवा व्हावं लागतं. कॉल संपला की टिकली काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक. मला हल्ली असं वाटतं की तुम्हाला ते पॉइंट परत यायलाच नको आहेत. आले की तुमच्याकडे आईंना सांगायला काही उरणार नाही. चूक असेन तर माफ करा.

हे आता माझ्याच्यानं होत नाही. मला योग्य वाटेल ते मी करीन. रागावू नका.

कालिंदी

०

एस्प्लनेड
६ डिसेंबर २०२४

वहिनी,

आईला कळलं.

काल ऑफिसातून घरी गेलो तर देवघरात दिवा नव्हता. दार मीनादीनं उघडलं. ती आमच्याकडे दिवसभर आईजवळ असते. कुजबुजली, "माशिमा ठांडा जोले स्नान कोरेछेन, आमार कोथा शोनेननि." आईनं तिचं न ऐकता डिसेंबरात गार पाण्यानं नहाणं. ते ऐकलं तेव्हाच मला समजलं. आपल्यात गार पाण्यानं अवेळी आंघोळ कशासाठी करतात ते मीनादीला ठाऊक नाही. मला आहे.

आई पलंगावर बसली होती. ओले केस पाठीवर सोडलेले.

दुपारी घरच्या जुन्या फोनवर विमान कंपनीची मुलगी बोलली होती. अगदी आदबशीर हिंदीत. श्री. दत्तात्रय यांच्या निधनाबद्दल कंपनीला खेद आहे, त्यांच्या पत्नीचा अर्ज मंजूर झाला आहे, पॉइंट त्यांच्या नावे वर्ग होतील, हे खातं आजपासून बंद. आईनं तिला फक्त तारीख विचारली. तिनं समोर बघून वाचून दाखवली.

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "ऑगस्ट."

मग म्हणाली, "त्याच्या वाढदिवसाला मी पुरण घातलं. तू खाल्लंस."

मी म्हटलं, आई, तुझ्यासाठीच केलं गं सगळं. ती म्हणाली, "मी सुतकात गोडधोड खाल्लं, देवाला फुलं वाहिली, पूजेला नवं पातळ नेसले. आई आहे मी त्याची. तू मला रडूसुद्धा दिलं नाहीस." आणि पुढे, "रविवारचे निरोप कोण लिहायचं?" माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाली, "तरीच. एवढं शुद्ध दत्ता कुठलं लिहायला."

त्यानंतर तिनं माझ्याशी तोंड उघडलेलं नाही. पाणी हवं असलं तर मीनादीला बंगालीत सांगते.

वहिनी, तुम्ही त्यांना मृत्यूचा दाखला पाठवलात. मला न विचारता. विचारलं असतंत तर एका ओळीत सांगितलं असतं की खात्यावरचा संपर्क क्रमांक मी बदलून आमच्या घरचा दिला आहे, तो फोन एरवी कोणीच उचलत नाही म्हणून.

सलील

०

पुणे
१४ डिसेंबर २०२४

चि. सलीलभावजी,

हो, मीच पाठवला. दाखला, आधार आणि चार ओळींचा अर्ज. क्षितिजनं पुस्तकात तो नियम काढून दिला. प्रवासी मरण पावला असेल तर मुदत संपलेले पॉइंटसुद्धा परत मिळतात आणि वारसाच्या नावे होतात. एवढंच लिहिलंय. तुम्ही चार महिने भांडलात ते त्यांनी आठवड्याभरात दिले. मला पॉइंट नको होते, भावजी. मला ती ह्यांच्या सहीची पत्रं थांबवायची होती. आईंना सांगायला मी स्वतः येणार होते, जानेवारीत, शेजारी बसून.

फोन नंबर तुम्ही बदलला आहे, हे मला एका ओळीत तुम्हीही सांगू शकला असतात. 'तजवीज केली आहे' असं लिहिलंत. मला वाटलं, नंबर काढून टाकलात.

तुम्हाला तो नियम ठाऊक होता. तुम्हाला ठाऊक नाही असा त्या पुस्तकातला एकही नियम नसेल.

काल आईंनी स्वतः फोन केला. नुसतं "कालिंदी" म्हणाल्या आणि आम्ही दोघी पहिल्यांदा रडलो. मग म्हणाल्या, "मला दत्ताच्या घरी घेऊन जा." क्षितिज शनिवारी येतोय. आईंचं तिकीट त्याच पॉइंटांवर काढलंय. ह्यांनी आईंना घरी आणायची वेळ अशी आली.

कालिंदी

०

एस्प्लनेड
२३ डिसेंबर २०२४

वहिनी,

आई पोचली असं क्षितिजनं कळवलं. गोळ्यांचा डबा निळ्या पिशवीत आहे. सकाळच्या बाजूला सूर्य काढलाय, रात्रीच्या बाजूला चंद्र. तिला शब्द वाचायला चष्मा लागतो, चित्रांना लागत नाही.

विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी वाकून पाया पडलो. तिनं पाय मागे घेतले नाहीत, पण हातही डोक्यावर आला नाही. दारातून आत जाताना क्षितिजनं वळून हात केला. ती समोरच बघत होती.

नियम ठाऊक होता. पान उघडलं होतं, फाइलमध्ये त्या पानावर खूणही आहे. तो लावायचा म्हणजे एका चौकटीत 'मृत' असं लिहायचं होतं. दादाच्या नावापुढे. चार महिने माझ्या हातून ते झालं नाही.

ऐंशीच्या वर दिवे खोक्यात तसेच आहेत.

सलील

०

पुणे
११ फेब्रुवारी २०२५

चि. सलीलभावजी,

तुमचे तीन फोन आले आणि आईंनी एकदाही घेतला नाही, तेव्हा तुम्हाला वाटत असेल की त्या रागात आहेत. मलाही तसंच वाटत होतं. पण खरं सांगायला हवं. आता आपण एकमेकांपासून काही ठेवायचं नाही.

रविवारी तुमचा फोन वाजत होता. मी म्हटलं, "आई, घ्या ना, सलीलभावजी आहेत." त्यांनी माझा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "हा खरंच सलील आहे का? की त्याचंही काही झालंय, आणि दुसरंच कोणी बोलतंय?"

मी हसून म्हटलं, अहो, काहीतरीच काय. त्या म्हणाल्या, "तूही टिकली लावून हसायचीस."

व्हिडिओ लावते म्हटलं तर मान फिरवतात. "चित्रात काहीही दाखवता तुम्ही." परवा डॉक्टरांनी साखर बरी आहे सांगितलं तर कागद मागितला, आणि कागद बघून म्हणाल्या, "हा कोणाचा?" मीनादी आजारी आहे असं तुम्ही कळवलंत, ते सांगितलं, तर आंघोळीला उठल्या. क्षितिजला घरी यायला उशीर झाला की दाराशी खुर्ची घेऊन बसतात आणि तो आला की त्याच्या तोंडावरून हात फिरवून बघतात. सुतकाचे खुंट लागत नाहीत, मऊ वाटतं, तेव्हाच आत जातात.

आपण दोघांनी मिळून हे केलं, भावजी. तुमचं एकट्याचं नाही.

अन्न फार कमी झालंय. डॉक्टर म्हणतात, वय आहे. तुम्ही या. लवकर या.

कालिंदी

०

एस्प्लनेड
१७ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनी,

पत्र आज मिळालं. जेवणाच्या सुट्टीत तिकीट काढलं. माझ्या खात्यात पॉइंट होते, पुरले असते, पण परवाच्या विमानात पॉइंटांवर जागा नव्हती, पुढच्या आठवड्यात होती. म्हणून पैसे भरले. सगळ्यात स्वस्त, रद्द न होणारं. काउंटरवरची मुलगी ओळखीची आहे. म्हणाली, "सलीलदा, आप? नॉन-रिफंडेबल?" मी म्हटलं, हो.

बुधवारी दुपारी पुण्यात उतरतोय. मधल्या वेळात तिनं अन्न-पाणी टाकलं तर मला लगेच सांगा. आणि मला यायला उशीर झाला, वाटेतच काही झालं, तर ते तिला सांगा. जसं असेल तसं, त्याच वेळी.

आधी लिहिणार होतो की मी येतोय हे तिला कळवू नका, एकदम समोर उभा राहीन. ते खोडलंय. कळवा. दिवस सांगा, विमानाची वेळ सांगा. ती मानणार नाही, तरी सांगा.

दाढी करून येणार नाही. दादाच्या सुतकात तिला कळू नये म्हणून रोज केली होती. तिनं तोंडावरून हात फिरवला तर खुंट हाताला लागले पाहिजेत.

सलील